जोर किती आणि कोठे?



पदार्थविज्ञान आणि खेळ ही दोन नावे एका दमात उच्चारली की पुष्कळांना चमत्कारिक वाटते. पदार्थविज्ञान म्हणजे शाळेतला तो रुक्ष विषय, आणि खेळ म्हणजे तो विषय चुकवून पळावयाचे ठिकाण, अशी आपल्यापैकी बहुतेकांची आठवण असते. परंतु पाहा, ज्या मुलाला तरफेचा नियम फळ्यावर मांडता येत नाही तोच मुलगा मैदानावर विटी अशी कोलतो की ती चार गड्यांच्या डोक्यावरून जाते. नियम त्याच्या हाताला ठाऊक असतो, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. ते नाव सांगावे, आणि नाव कळल्याने काही फायदा होतो की काय ते पाहावे, एवढाच आजचा बेत आहे.

आपल्याकडे खेळाडूची तारीफ करावयाची तर "अंगात जोर आहे" असे म्हणतात. जोर ह्या शब्दावर आपला इतका लोभ, की व्यायामाच्या एका प्रकारालाच आपण तेच नाव दिले. मात्र साठ किलोचा मल्ल ऐंशी किलोच्या मल्लाला उचलून हौद्यात आपटतो, तेव्हा जोराचा हिशेब चुकतो. मग आपण म्हणतो, "डाव बसला." हे डाव बसणे म्हणजे काय? जोर किती लावला एवढेच विज्ञान विचारत नाही. तो कोठे लावला, टेकूपासून किती अंतरावर लावला आणि किती अंतरापर्यंत लावला, हेही ते विचारते. खेळातल्या पुष्कळशा कोड्यांची उत्तरे ह्या दुसऱ्या प्रश्नात आहेत.

आधी तरफेची ओळख करून घेऊ. शेतातला मोठा धोंडा हलवावयाचा असला म्हणजे गडी त्याच्याखाली पहारीचे टोक सारतात, धोंड्याजवळच एक लहान दगड पहारीखाली ठेवतात आणि दुसऱ्या टोकाशी भार देतात. तो लहान दगड म्हणजे टेकू. टेकूपासून धोंडा एक वीत आणि हात सहा विती असला, तर धोंड्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतका जोर पुरतो. जोर गुणिले त्याचे टेकूपासूनचे अंतर हे भार गुणिले भाराचे अंतर ह्याच्याबरोबर झाले की तोल साधला. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने हा नियम सिद्ध करून मांडला, आणि आपल्याकडच्या गवंड्यांना तो सिद्धतेवाचूनच ठाऊक होता. मात्र निसर्गाच्या दुकानात उधारी नाही. धोंडा एक बोट वर यावयाचा तर हाताला सहा बोटे खाली जावे लागते. जोरात जे वाचले ते अंतरात मोजून द्यावे लागते.

टेकू, भार आणि जोर ह्यांच्या जागा बदलल्या की तरफेचे प्रकार बदलतात. पहारीत टेकू मध्ये असतो. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून कठीण सुपारीही कट्कन फुटते. जोर काढताना आपले शरीरही अडकित्त्याच्याच जातीचे होते. पायाची बोटे हा टेकू, शरीराचे वजन मधोमध आणि हात पुढच्या टोकाशी. म्हणून जोर मारणाऱ्याच्या हातांवर सगळे वजन येत नाही, सुमारे दोनतृतीयांश येते. तिसरा प्रकार चिमट्याचा. त्यात टेकू एका टोकाला, निखारा दुसऱ्या टोकाला आणि बोटांचा जोर मध्ये. येथे जोर भारापेक्षा टेकूला जवळ असल्यामुळे तो भारापेक्षा जास्तच लावावा लागतो. म्हणजे ही तोट्याची तरफ झाली.

आता गंमत अशी की मनुष्याच्या हातापायांतल्या पुष्कळशा तरफा ह्याच तोट्याच्या प्रकारच्या आहेत. कोपर वाकवून तळहातावर पाच किलोचे वजन धरा. कोपर हा टेकू. दंडातला जो स्नायू शड्डू ठोकताना बेटकुळीसारखा फुगतो, तो कोपराच्या पुढे सुमारे ५ सेंटिमीटरांवर हाडाला जोडलेला आहे. आणि वजन आहे सुमारे ३५ सेंटिमीटरांवर. हिशेब करा : ५ किलोच्या वजनासाठी त्या स्नायूला ३५ किलोंइतके ओढावे लागते. हाताचे स्वतःचे वजन धरले तर हा आकडा चाळिसाच्या घरात जातो. पाच किलोंना चाळीस किलो! असा सौदा करणाऱ्या दुकानदाराचे दिवाळेच निघावयाचे.

पण तरफेचा नियम उलटून वाचा. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात सेंटिमीटर सरकतो, आणि तोही तेवढ्याच वेळात. म्हणजे वेग सातपट झाला. स्नायू ओढतो जबरदस्त, पण आखडतो थोडाच. त्याच्या ह्या आखूड हालचालीचे निसर्गाने हाडांच्या द्वारे लांब आणि वेगवान हालचालीत रूपांतर केले आहे. ओझी उचलण्याच्या कामी हे यंत्र बेताचेच आहे. पण दगड भिरकावण्याच्या, ठोसा मारण्याच्या, लाथ घालण्याच्या कामी त्याला तोड नाही.

फेकण्याच्या खेळात एकच तरफ चालत नाही, तरफांची माळ चालते. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. प्रत्येक सांधा आधीच्या सांध्याने दिलेल्या वेगात आपली भर घालतो, आणि आसुडाच्या टोकाप्रमाणे सर्वांत मोठा वेग शेवटच्या टोकाला मिळतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने चेंडू टाकताना कोपर सरळ करू नये, असा जो नियम आहे त्याचे मर्म येथे सापडते. कोपराला मोकळीक दिली की माळेत आणखी एक तरफ वाढते. हा नियम करणाऱ्यांनी पुढे सूक्ष्म छायाचित्रणाने पाहिले, तेव्हा जवळजवळ सर्वच गोलंदाजांचे कोपर थोडेफार सरळ होते असे दिसून आले. म्हणून २००५ सालापासून १५ अंशांपर्यंत सूट देण्यात आली.

निसर्गाने दिलेला हात अपुरा वाटला म्हणून मनुष्याने तो वाढवला. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणाऱ्या राखणदाराची गोफण म्हणजे दोरीचा केलेला लांब हातच होय. गोफण फिरते तितक्याच फेऱ्या नुसता हातही मारील. पण दोरीच्या टोकाशी असलेला दगड मोठ्या वर्तुळात फिरतो, म्हणून त्याचा वेग मोठा. दोरीचे एक टोक सुटले की दगड वर्तुळ सोडून त्या क्षणी ज्या दिशेला चालला असेल त्याच दिशेला सरळ जातो. विटीदांडूतला दांडू, हॉकीची काठी, टेनिसची रॅकेट आणि क्रिकेटची बॅट ही सगळी ह्याच गोफणीची भावंडे.

येथे कोणी म्हणेल, मग बॅट जितकी लांब आणि जड तितकी चांगली! बाजारात पुष्कळ वडील मंडळी ह्याच समजुतीने बॅट घेतात. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, आणि बॅट घ्यावयाची मोठ्या माणसाची, का, तर "वाढत्या अंगाचे कपडे घेतो, तशीच बॅट." ह्या काटकसरीविषयी मला थोडे कडक बोलावेसे वाटते, कारण कपडा सैल झाला तर चार पोरे हसतील एवढेच, जड बॅटीने मनगट आणि खांदा दुखावतो, आणि खेळ कायमचा वाकडा बसतो. वस्तू नुसती उचलण्याला जो विरोध होतो तो तिच्या वजनावर अवलंबून असतो. पण ती फिरवण्याला जो विरोध होतो तो वजन आणि अंतराचा वर्ग ह्यांवर अवलंबून असतो. समजा, मुलाला शोभणारी बॅट ३२ इंच लांब आणि ९०० ग्रॅम वजनाची आहे, आणि वडिलांनी आणलेली ३८ इंच लांब आणि १२०० ग्रॅमची आहे. दिसायला लांबी अवघी सहा इंच वाढली आणि वजन एकतृतीयांशाने वाढले. परंतु फिरवण्याचा विरोध? लांबीच्या वर्गामुळे तो सुमारे १.४ पट, वजनामुळे १.३३ पट, आणि दोन्ही मिळून जवळजवळ दुप्पट झाला. मुलाचे मनगट मात्र होते तेवढेच आहे. मग तो बॅट फिरवण्याऐवजी तिच्यामागून ओढला जातो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापाशी येण्यास अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. मुलांच्या खेळात वेग कमी असला तरी वेळ फार नसतोच. एवढ्या वेळात जी बॅट वळत नाही ती कितीही जाड असली तरी काय उपयोगाची?

बॅटीविषयी आणखी एक प्रयोग घरी करण्याजोगा आहे. मुठीचे टोक दोन बोटांत सैल धरून बॅट लोंबती ठेवा आणि दुसऱ्याला चेंडूने पात्यावर वरपासून खालपर्यंत हलके ठोके मारावयास सांगा. पुष्कळ ठिकाणी बोटांना हिसका बसेल. टोकापासून १५ सेंटिमीटरांच्या आसपास मात्र अशी जागा सापडेल, की तेथे ठोका बसला तरी बोटांना जवळजवळ काहीच कळत नाही. कारण ठोक्याने बॅट एकाच वेळी मागेही सरकते आणि फिरतेही. ह्या जागी ठोका बसला म्हणजे मुठीशी ह्या दोन्ही हालचाली एकमेकींना खोडून टाकतात, हात हलत नाही, आणि चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जातो. पात्याच्या कडेला चेंडू लागला तर बॅट हातात पिळवटते. ती कमी पिळवटावी म्हणून अलीकडे बॅटींच्या कडा जाड करण्याची हौस सुरू झाली, कारण वजन मध्यरेषेपासून जितके दूर, तितका पिळण्याला विरोध अधिक. हे इतके वाढले की २०१७ साली नियम करून कडेची जाडी ४० मिलिमीटरांवर आणि पात्याची जाडी ६७ मिलिमीटरांवर थांबवावी लागली.

चेंडू मारण्याकडून आता तो झेलण्याकडे येऊ. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा. तो सेकंदाला ३० मीटर वेगाने आला, आणि एखाद्याने हात ताठ ठेवून तळव्याच्या मांसाएवढ्या म्हणजे ३ सेंटिमीटरांच्या अंतरात तो थांबवला, तर हातावर सरासरी सुमारे २४५ किलो वजनाइतका दाब येतो. तोच चेंडू हात मागे घेत घेत ३० सेंटिमीटरांत थांबवला तर दाब उतरतो २४ ते २५ किलोंवर. चेंडू तोच, वेगही तोच. वाढले ते फक्त थांबवण्याचे अंतर. उंचावरून उडी मारताना गुडघे वाकवावे, घसरून पडताना हात ताठ टेकू नये, लोळण घ्यावी, हे जे वस्ताद सांगतात त्याच्या पोटात हाच हिशेब आहे. ताठ टेकलेल्या हाताचे मनगट मोडते, आणि लोळण घेणाऱ्याचे फक्त कपडे मळतात.

कबड्डीत हाच गतीचा नियम दुसऱ्या बाजूने कामी येतो. चढाई करणारा गडी मध्यरेषेकडे परत पळत असतो, आणि कोपऱ्यातला एक बारका गडी पडून त्याचा घोटा पकडतो. बारक्याने त्याच्या सगळ्या अंगाचा वेग अडवलेला नसतो. अडवलेला असतो फक्त पाय. धड आपल्या जडत्वाने पुढे जातच राहते, पाय मागे राहतो, आणि भला दांडगा गडी तोंडावर येतो. त्याचा वेग जितका अधिक तितके पडणे जोराचे. बारक्याने त्याच कामासाठी छातीला मिठी घातली असती तर तो स्वतःच मध्यरेषेपलीकडे ओढला गेला असता. छाती धरावयाची ती साखळीने, दोघाचौघांनी मिळून. एकट्याने धरावयाचा तो घोटा.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही. खांब ओलांडल्यावरच त्याला वळता येते. आता सेकंदाला ४ मीटर वेगाने पळणारा ५० किलोचा गडी खांबाभोवती एक मीटरच्या अर्धवर्तुळात वळला, तर त्याला आत खेचून धरण्यास सुमारे ८० किलो वजनाइतका जोर लागतो. पायाखालची माती घर्षणाने जास्तीत जास्त त्याच्या स्वतःच्या वजनाइतका, बहुधा त्याहूनही कमी, जोर देऊ शकते. उरलेला कोठून आणावयाचा? तो खांब देतो. म्हणून तरबेज खेळाडू एका हाताने खांबाला विळखा घालून, अंग आतल्या बाजूला झोकून वळतो. आणि नवशिका खांबाला हात न लावता वळावयास जातो तो दूर मैदानात भिरकावला जातो.

आता कुस्तीकडे वळू. ह्या सगळ्या विचाराची खरी परीक्षा हौद्यातच व्हावयाची, कारण तेथे दांडू नाही, चेंडू नाही. दोन शरीरे, माती आणि तोल एवढेच भांडवल.

प्रत्येक वस्तूत एक बिंदू असा असतो की तिचे सगळे वजन जणू तेथेच साठले आहे. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या किंचित खाली असतो. ह्या बिंदूतून खाली सोडलेला ओळंबा दोन पावलांनी वेढलेल्या जागेत पडतो तोवर माणूस उभा. त्याबाहेर गेला की पडला. मल्ल ठाण मांडतो, पाय फाकतो, गुडघ्यात वाकतो, ते शोभेसाठी नव्हे. ऐंशी किलोचा मनुष्य पावले जुळवून ताठ उभा आहे असे धरा. ज्या दिशेला ढकलावयाचे त्या दिशेला पावलाची कड त्याच्या ओळंब्यापासून १५ सेंटिमीटरांवर आहे आणि छाती १२० सेंटिमीटर उंचीवर. पावलाची कड हा टेकू मानला तर छातीवर फक्त १० किलोंचा रेटा दिला की तो कलंडतो. तोच मनुष्य पाय फाकून वाकला, कड ३५ सेंटिमीटरांवर गेली आणि रेट्याची जागा ७० सेंटिमीटरांवर उतरली, तर त्याला कलंडवण्यास ४० किलो लागतात. खुराक वाढला नाही, वजन वाढले नाही, आणि मल्ल चौपट पक्का झाला!

डाव म्हणजे हा पक्केपणा मोडण्याची युक्ती. पट काढताना मल्ल प्रतिस्पर्ध्याचा पाय जमिनीवरून उचलतो. म्हणजे त्याच्या तोलाची बैठकच अर्धी कापून टाकतो. टांग मारताना खाली पाय अडकवतो आणि वर खांदा ओढतो. एका टोकाला टेकू, दुसऱ्या टोकाला जोर, आणि मध्ये लांबच लांब तरफ, ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याचेच शरीर. जो उंच त्याची तरफ लांब. उंच मल्लाला लांब हातांचा फायदा मिळतो, पण त्याची किंमत तो अशी चुकवतो.

ह्या सर्वांत देखणा डाव धोबीपछाड. मल्ल वळून प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करतो, त्याचा हात आपल्या खांद्यावरून घट्ट पुढे ओढतो, आणि आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालतो. कंबर हा टेकू. पाहणाऱ्याला वाटते, त्याने ऐंशी किलो पाठीवर उचलले. परंतु टेकू गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ आणि किंचित खाली बसला असेल, तर उचलावयाचे फारसे राहतच नाही. लहान मुलांच्या झोपाळफळीवर दोन्हीकडे सारखी मुले बसली म्हणजे ती बोटानेही हलते, तसे ते शरीर कमरेवर तोललेले असते. मग हात पुढे खेचला की ते आपोआप उलटते. टेकू चार बोटे वर राहिला, म्हणजे कंबर पुरेशी खाली गेली नाही, की मात्र सगळा भार पाठीवर येतो, मल्ल अडकतो आणि स्वतःच खाली बसतो. वस्ताद "अजून खाली बैस, अजून खाली" म्हणून ओरडत असतात त्या चार बोटांसाठी.

बुटक्या मल्लाला ही कंबर खाली घालण्याची यातायात कमी करावी लागते. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर म्हणून गाव आहे. तेथले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलो वजनाच्या आतल्या मल्लांत, त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हा मल्ल लाल मातीत वाढलेला आणि तिकडे खेळावयाचे गादीवर. मातीत पायाची बोटे रुतवून टेकू घेता येतो. घामाने निसरड्या झालेल्या अंगावर माती चोळली की घर्षण वाढते आणि पकड बसते. गादीवर हे दोन्ही नाही. तेथे पकड सुटण्याच्या आत डाव पुरा व्हावा लागतो, आणि म्हणून चपळाईला जास्त भाव. आपल्या मुलांना मातीबरोबर गादीही लवकर मिळाली पाहिजे असे जाणकार सांगतात, ते नव्याच्या हौसेपोटी नव्हे. दोन्ही ठिकाणचे घर्षण वेगळे, म्हणून पायांची सवय वेगळी.

मल्लखांबात घर्षणाचा प्रश्न उलटाच आहे. तेथे लाकडी खांबाला एरंडेल चोळतात. तेल नसेल तर कातडी सोलवटून निघेल, आणि तेल असले तर घसरावयास होते. तेव्हा खेळाडूला मांड्यांनी आणि काखेने खांब असा आवळावा लागतो की दाबाने घर्षणाची भरपाई व्हावी. मग खांबावरून उलटी मारून उतरताना तो गुडघे पोटाशी घेऊन अंगाची मोट करतो. वजन मध्याजवळ आले की फिरण्याचा विरोध कमी होतो आणि गिरकी जलद होते. जमीन जवळ आली की तो अंग लांब करतो आणि गिरकी मंदावते. बॅट फिरवण्याचा हिशेब मघाशी पाहिला, तोच हा.

ह्याच हिशेबाचा एक भाग केवळ खेळाडूंनाच नव्हे, तर येथे बसलेल्या प्रत्येकाला लागू आहे. कमरेतून वाकून, हात लांब करून २० किलोची पाण्याची बादली उचलताना बादली कण्याच्या तळापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर असते, आणि पाठीचे स्नायू कण्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरांवर. म्हणजे ह्या स्नायूंवर १६० किलोंची ओढ पडते. वाकलेल्या धडाचे वजन त्याहून निराळे. वजने उचलण्याच्या स्पर्धेतला खेळाडू लोखंडी दांडा नडगीला घासत घासत वर आणतो, म्हणून त्याच्या नडग्या पुष्कळदा खरचटलेल्या असतात. कातडी गेली तरी चालेल, पण अंतर वाढता कामा नये, हे तो जाणतो. बादलीच्या जवळ जा, गुडघे वाकवा, ती अंगाशी घ्या आणि मग उठा.

उडी आणि फेक ह्यांविषयी थोडे सांगून पुरे करतो. पाय जमिनीवरून सुटला की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेला. हवेत हातपाय कितीही हलवले तरी तो मार्ग बदलत नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा मार्ग अन्वस्त नावाच्या वक्र रेषेचा असतो असे दाखवले. नळीतून उडणाऱ्या पाण्याच्या धारेची जी कमान दिसते तीच ती. मग उंच उडी मारणारा हवेत काय करतो? गुरुत्वमध्य तर त्याला हलवता येत नाही. पण त्याच्याभोवती शरीराची मांडणी बदलता येते. बांगडीचा गुरुत्वमध्य काचेत नसतो, मधल्या पोकळीत असतो. १९६८ साली मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डिक फॉसबरी आडव्या दांडीकडे पाठ करून, उताणा, कमानीसारखा वाकून २.२४ मीटर उंचीवरून गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. कमानीत शरीराचा एकेक भाग पाळीपाळीने दांडीवरून जातो, आणि गुरुत्वमध्य मात्र दांडीच्या खालूनही जाऊ शकतो. शरीर दांडीवरून जाते, आणि वजन जणू दांडीखालून! मात्र ही उडी पाठीवर पडावयाची, म्हणून ती जाड, मऊ गादीवाचून कोणी मुलाने वाळूच्या खड्ड्यात करून पाहू नये. झेलाच्या वेळी सांगितलेला थांबण्याच्या अंतराचा हिशेब येथे मानेशी गाठ घालतो.

फेकलेली वस्तू ४५ अंशांच्या कोनातून सर्वांत दूर जाते असे पुस्तकात असते. गोळाफेक करणारे मात्र ४० अंशांच्याही खाली राहतात, आणि लांब उडी घेणारे तर जेमतेम २० अंशांच्या आसपास. पुस्तक खोटे नाही. पुस्तकातला दगड जमिनीवरून सुटतो आणि कोणत्याही कोनात त्याला सारखाच वेग मिळतो. गोळा सुटतो खांद्याच्या वरून, आणि माणसाला वर रेटण्यापेक्षा पुढे रेटताना अधिक वेग देता येतो. धावत आलेल्याला तर सगळा वेग पुढचाच असतो. तो ४५ अंशांत वर वळवावयाचा तर धावच थांबवावी लागेल.

भाल्याची कथा ह्याहून वेगळी, कारण भाल्याला हवा उचलून धरते. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन ह्याने बर्लिनमध्ये १०४.८० मीटर भाला फेकला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांना भीती वाटावी असा हा आकडा. शिवाय तेव्हाचे भाले तरंगत जाऊन सपाट पडत, आणि टोक आधी टेकले की नाही ह्यावरून तंटे होत. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. वजन तेच, ८०० ग्रॅम. पण हवेच्या उचलण्याची जागा आता गुरुत्वमध्याच्या मागे पडली. म्हणून ती शेपटी उचलते आणि नाक खाली दाबते. भाला लवकर टोकावर येतो आणि जमिनीत रुततो. जुन्या भाल्याचे विक्रम वेगळे ठेवून नव्याने मोजणी सुरू झाली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने ८७.५८ मीटर फेकून सुवर्णपदक जिंकले ते ह्या नव्या भाल्याने. आणि तत्पूर्वी काही काळ त्याला शिकवीत होता तो हाच उवे होन. नव्या भाल्याने यान झेलेझ्नीने १९९६ साली केलेली ९८.४८ मीटरांची फेक अद्याप कोणाला ओलांडता आलेली नाही.